सोळा मात्रांचा खर्ज

ट्युबा वाजवणाऱ्याला बँडमध्ये कुणी विचारत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. टाळ्या पडतात ट्रम्पेटला. फोटोत पुढे उभे राहतात क्लॅरिनेटवाले. आणि ज्याच्या जिवावर हे सगळे उड्या मारतात तो मागे कोपऱ्यात, पितळेचं भलंमोठं धूड मांडीवर घेऊन, भॉम-भॉम करत बसलेला असतो. तो मध्येच थांबला तर लोक इकडेतिकडे बघतात, पण नेमकं काय बिघडलं ते कुणाला सांगता येत नाही.

अग्निशामक केंद्राच्या बँडमध्ये अकरा वर्षं ही भॉम-भॉम जी करत होती तिला सगळे धाकटी म्हणायचे. थोरले म्हणजे तिचे वडील. त्यांनी तीस वर्षं बंब चालवला आणि तीस वर्षं ट्युबा वाजवला. लेक तेरा वर्षांची झाल्यावर त्यांनी वाद्य तिच्या मांडीवर ठेवलं, तिच्या पोटाशी मूठ धरली आणि सांगितलं, "दाब खाली, सूर वर. फुंकताना पोट खाली रेटायचं. खुर्ची मोडली तरी चालेल." झालं, तेवढीच शिकवणी. पुढे बँडमध्ये बाप-लेक पाच वर्षं शेजारी शेजारी बसले. मग सहा वर्षांपूर्वी थोरल्यांनी एकाएकी ट्युबा खुंटीला टांगला. दातांनी दगा दिला, म्हणाले. आता ट्युबाला दात लागतात की ओठ, हे विचारायची कुणाची हिंमत? थोरल्यांच्या रागापुढे बंबाचा भोंगासुद्धा सौम्य वाटायचा.

धाकटी दिवसा केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये फोनवर असायची. कुठे आग लागली, कुठे लिफ्टमध्ये कोण अडकलं, हे आधी तिच्या कानात यायचं. नवरा तिथलाच फायरमन, आणि बँडमध्ये मोठा ड्रम बडवणारा. ट्युबा आणि मोठा ड्रम शेजारी बसतात. बाकीचं आपोआप जुळलं. तिघं केंद्रामागच्या क्वार्टर्समध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तर त्या वर्षी केंद्राला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. बँडमास्तर, जे एरवी केंद्राचे हेडक्लार्क होते आणि रजेच्या अर्जांवर सही करताना बोटांनी टेबलावर ताल धरायचे, त्यांनी एक नवी धून रचली. वाटणी करताना ट्युबाचा कागद त्यांनी स्वतः धाकटीच्या हातात दिला. तिने पाहिलं तर कागदावर भॉम-भॉम नव्हतीच. मधोमध दोन मिनिटांची सुरेल चाल होती, ट्युबाची, एकट्या ट्युबाची. आणि शेवटी एकच स्वर, अगदी तळाचा खर्ज, संथ सोळा मात्रा. त्या सोळा मात्रांत बाकी सगळा बँड गप्प.

"चुकून दिलात का मास्तर?" धाकटीने विचारलं.

"अकरा वर्षं तू आमची ओझी वाहिलीस," मास्तर म्हणाले, "दोन मिनिटं आम्ही गप्प बसलो तर काय बिघडेल?"

धाकटी घरी जाऊन रडली. आनंदानं रडली, आणि थोडी यासाठी की तिसरा महिना होता आणि त्या दिवसांत तिला डबा सांडला तरी रडू यायचं. कार्यक्रमाच्या वेळी ती आठव्या महिन्याच्या तोंडाशी असणार होती. तिने बोटांवर मोजलं आणि ठरवलं, जमवायचं. हा स्वर आपला आहे, तो कुणाला द्यायचा नाही.

तालीम मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, बंबखान्यातच व्हायची. दोन्ही बंब अंगणात काढायचे, तेलाच्या डागांवर खुर्च्या मांडायच्या आणि सुरू करायचं. मध्येच घंटा झाली की निम्मा बँड वाद्यं खुर्च्यांवर टाकून धावायचा. उरायचे ते मास्तर, दोन कारकून, स्वयंपाकी आणि धाकटी. अशाच एका मंगळवारी घंटा झाली, नवरा ड्रमच्या काठ्या तिच्या पायाशी टाकून पळाला, बंब गेले आणि बंबखाना एकदम मोठा झाला.

"चला, तेवढ्यात तुझा शेवट ऐकू," मास्तर म्हणाले.

धाकटीने श्वास भरला, बाबांनी शिकवल्याप्रमाणे पोट खाली रेटलं आणि खर्ज लावला. काय लागला होता. भिंतीवरची शिडी गुणगुणायला लागली. आठव्या मात्रेला तिला जाणवलं की खाली काहीतरी सुटलं. नवव्या मात्रेला कळलं काय सुटलं. खुर्चीच्या कडेवरून खाली थेंब पडत होते आणि ती एकतिसाव्या वर्षी, वर्दीत, मास्तरांसमोर, शाळेतल्या पोरीसारखी ओली होऊन बसली होती.

तिला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.

वाचवलं ते ट्युबानं. त्याचं असं असतं की वाजवता वाजवता आत फुंकेच्या वाफेचं पाणी धरतं. नळीला खाली एक लहानशी चावी असते, ती दाबली की पाणी जमिनीवर पडतं. त्यामुळे ट्युबावाल्याच्या खुर्चीखाली ओल असणं ही काही बातमी नव्हे. धाकटीने चावी दाबली, आतलं होतं नव्हतं ते पाणी सगळं सांडून टाकलं आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही व्हा पुढे. मी वाद्य पुसते जरा." सगळे जाईपर्यंत ती उठली नाही.

तासाभरानं नवरा परत आला, धुराच्या वासाचा. खुर्चीखालचं तळं बघून म्हणाला, "एवढं पाणी?"

"चावी गळतेय," ती म्हणाली.

नवरा भला माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्याने सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, हिच्या वाद्याची चावी गळतेय, बघता का?" थोरल्यांनी चष्मा लावला, पेचकस घेतला आणि खिडकीशी बसून चावी खोलली. चांगला अर्धा तास खोलून बसले. मग जेवताना म्हणाले, "नवीन बूच बसवलंय." आणि ताटातलं निवडत राहिले.

धाकटीला स्वतःच्या खोटेपणाची लाज वाटली, पण सुटल्याचा आनंद मोठा होता.

पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरीणबाईंना एका दमात सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, पुष्कळ जणींना होतं, घाबरू नका, आणि त्यांनी तिला वरच्या मजल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. या फिजिओबाई म्हणजे एवढीशी मूर्ती, पण आवाज असा की बंबावर घ्यावा. त्यांच्या टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा होता. त्यात त्यांनी तळाला हात लावून दाखवलं.

"इथे स्नायूंची झोळी असते, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत. मूत्राशय, गर्भपिशवी, सगळा संसार हिच्यावर. आता त्यात पाहुणा आलाय आणि तो दर आठवड्याला वजन वाढवतोय. झोळी मजबूत करायची. लघवी आणि गॅस दोन्ही एकदम अडवायचंय असं समजा, आत आणि वर ओढा. दहा मोजेपर्यंत धरा. मग पूर्ण सोडा. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, श्वास सोडता सोडता ओढायचं. आणि खोकला, शिंक येतेय असं वाटलं की आधी ओढून धरायचं."

"बस, एवढंच?"

"एवढंच. कुणाला दिसत नाही, कळत नाही. म्हणून तर कुणी करत नाही."

धाकटी करणाऱ्यांतली होती. तिने तालाचं यंत्र कंट्रोल रूममध्ये नेऊन टेबलावर ठेवलं, टिक, टिक, दहा मोजून धरायचं, दहा मोजून सोडायचं. एकदा सातव्या टिकेला फोन आला, शेजारणीच्या घरातून धूर येतोय म्हणून. धाकटीने धरलेलं न सोडता पत्ता घेतला, घंटा दाबली, बंब बाहेर काढला आणि मग राहिलेल्या तीन टिका मोजून सोडलं. घाईत हिशेब चुकला नाही म्हणून स्वतःवरच खूश झाली. भात करपला होता, शेजारीण झोपली होती. बाकी काही नाही.

पाच आठवडे एक दिवस चुकली नाही. आणि गंमत बघा, गळती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आधी खर्जाला व्हायची, आता शिंकेला, हसण्याला, जिना चढताना. वर दुसरंच लचांड सुरू झालं. पोर वर सरकायला लागलं तसा श्वास आखूड झाला. सोळा मात्रा सोडा, दहाव्या मात्रेला डोळ्यांपुढे काजवे. वर जागा नाही आणि खाली भरवसा नाही, अशी तिची अवस्था झाली. तालमीत ती खर्ज लावायची आणि सहाव्या मात्रेला, सुटेल या भीतीनं, स्वतःच सोडून द्यायची.

मास्तरांच्या कानांना काय कळत नाही? एका शुक्रवारी त्यांनी तिला बाजूला घेतलं. "तुला बरं नसेल तर शेवटचा स्वर ट्रॉम्बोनवाल्यांना देतो. त्यात कमीपणा नाही. पण मला मंगळवारपर्यंत सांग, त्यांनाही बसवायला वेळ हवा."

कमीपणा नाही म्हणे. धाकटी रात्रभर कूस बदलत राहिली आणि शनिवारी सकाळी पहिल्या नंबरला फिजिओबाईंच्या दारात उभी राहिली.

"तुमच्या व्यायामानं मला जास्त झालं," ती म्हणाली. आवाज चढला होता.

फिजिओबाईंनी वाद घातला नाही. तिला आडवं झोपवलं, ओटीपोटावर गार जेल लावलं आणि सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं. पडद्यावर एक काळा फुगा दिसला. "हे मूत्राशय. तुम्ही झोळी वर ओढलीत की याचं बूड वर उचललं जाताना दिसेल. करा सुरू, घरी करता तसंच."

धाकटीने श्वास सोडत मन लावून केलं. पडद्यावरचा काळा फुगा वर उचलला गेला नाही. तो सपाट्यानं खाली गेला.

"पुन्हा करा."

पुन्हा खाली.

"ताई," फिजिओबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही ओढत नाही आहात. ढकलताय. पाच आठवडे, दिवसातून तीनदा, मोजून-मापून तुम्ही झोळीला खाली ढकललंय. असं पुष्कळ जणींचं होतं, पण इतक्या जोरात ढकलणारी मी पहिल्यांदा बघतेय. काय काम करता तुम्ही?"

"फोनवर असते," धाकटी म्हणाली. मग पुढे म्हणाली, "आणि ट्युबा वाजवते."

फिजिओबाईंनी ट्युबा कसा वाजवतात ते करून दाखवायला लावलं. धाकटीने रिकाम्या हातांनी श्वास भरला आणि फुंकला. पडद्यावर फुगा खाली. श्वास सोडणं म्हणजे खाली रेटणं, हे तिच्या अंगात अठरा वर्षं मुरलं होतं. फिजिओबाईंचं "श्वास सोडता सोडता" एवढंच तिच्या शरीरानं ऐकलं होतं, बाकीचं त्याने आपल्या मनानं भरून काढलं होतं.

"हे कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

त्या दिवशी पाऊण तास लागला. कुशीवर झोपून, गुडघ्यांत उशी धरून, पडद्यावर डोळे लावून. आधी काही केल्या जमेना. मग एकदा, ती कंटाळून काहीच जोर लावत नव्हती तेव्हा, फुग्याचं बूड केसभर वर उचललं गेलं. "हेच," फिजिओबाई म्हणाल्या. एवढंसं होतं. धाकटीला वाटत होतं की यात काहीतरी ताकद लागते.

घरी येईपर्यंत तिला हसू यावं की राग, हे ठरत नव्हतं. दार उघडलं, समोर बाबा दिसले आणि ठरलं.

"बाबा, तुमची शिकवण उलटी होती," ती म्हणाली आणि पडद्यावरच्या चित्राचा छापलेला कागद त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, गळतीसकट. इतके दिवस लपवलेलं एका वाक्यात बाहेर आलं, आणि त्याच्याच पाठोपाठ, "तुमच्यामुळे माझा स्वर जाणार आता."

हे शेवटचं नको होतं बोलायला. तिला बोलता बोलताच कळलं. थोरल्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला, घडी घालून तिच्या हातात दिला आणि आपल्या खोलीत गेले. रविवारभर ते तिच्याशी बोलले नाहीत. जे काय बोलायचं ते जावयामार्फत. "तुझ्या बायकोला सांग, मीठ जास्त झालंय." नवरा बिचारा दोन्हीकडून मान हलवत जेवला.

सोमवारी धाकटीची सुट्टी होती. दुपारी ती टेबलाशी वाटाणे सोलत बसली. थोरले आले, समोर बसले आणि त्यांनीही एक शेंग घेतली. दोन-तीन शेंगा झाल्यावर म्हणाले, "चावी ठीक होती."

"कुठली चावी?"

"तुझ्या ट्युबाची. जावईबापूंनी दिली तेव्हा अर्धा तास बघितली. घट्ट होती. थेंब गळत नव्हता." त्यांनी दाणे भांड्यात टाकले. "मी तेव्हाच ओळखलं."

धाकटीने शेंग खाली ठेवली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कारण मीही तेच सांगायचो. चावी गळतेय म्हणून." थोरले तिच्याकडे बघत नव्हते, शेंगेकडे बघत होते. "प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं ना माझं, त्याच्यानंतर. खर्ज लावला की सुटायचं. चार महिने मी चावी दाबून पाणी सांडत होतो. मग एकदा पांढऱ्या वर्दीचा कार्यक्रम आला. पांढऱ्या पॅन्टमध्ये मी खुर्चीवरून उठणार कसा? त्या दिवशी दातांचं कारण सांगितलं."

थोरल्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते. सहा वर्षं हा माणूस अक्रोड दातांनी फोडून खात होता आणि सहा वर्षं घरात एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. धाकटीला स्वतःचाच राग आला. ऑपरेशनच्या वेळी ती दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसली होती. पुढचं तिने विचारलंच नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"लेकीला काय सांगणार? डॉक्टरांनाही सांगितलं नाही." मग म्हणाले, "माझ्या उस्तादांनी मला असंच शिकवलं होतं. खाली रेट. तुला वाईट शिकवावं असं माझ्या मनात नव्हतं गं."

"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी बोलायला नको होतं तसं."

थोरल्यांनी वाटाण्यांचं भांडं आपल्याकडे ओढलं. "ती बाई पुरुषांना बघते का?"

बघत होत्या. त्याच संध्याकाळी फोन केला आणि मंगळवारी सकाळची वेळ मिळाली. "पुरुषांनाही हीच झोळी असते, आजोबा," फिजिओबाई त्यांच्या त्या आवाजात म्हणाल्या, "आणि सहा वर्षांनी आलात तरी चालतं. सगळं जाईल असं वचन देत नाही. कमी नक्की होईल." मग त्यांनी धाकटीला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं. नेमकं काय ओढायचं हे पुरुषांना समजावण्यासाठी त्यांनी जे उदाहरण दिलं ते थोरल्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही, पण येताना बसमध्ये ते दोनदा स्वतःशीच हसले.

संध्याकाळी तालमीआधी धाकटी मास्तरांसमोर उभी राहिली. "स्वर ट्युबाकडेच राहणार. पण सोळा मात्रांचा श्वास माझ्याकडे आता नाही, आणि पुढे तर नाहीच. दोन ट्युबा लागतील. एक श्वास घेईल तेव्हा दुसरा धरेल."

"दुसरा ट्युबा कोण वाजवणार?"

थोरले दारातून आत आले. मागून जावई त्यांचा जुना, एका अंगाला चेपलेला ट्युबा पाठीवर घेऊन. मास्तरांनी चष्मा वर केला. "आणि दात?"

"परत आले," थोरले म्हणाले आणि आपल्या जुन्या खुर्चीवर बसले.

हातात दहा आठवडे होते. त्या दहा आठवड्यांत या घराच्या स्वयंपाकघरात सकाळी, दुपारी, रात्री एक चमत्कारिक दृश्य असायचं: टेबलावर टिकटिकणारं यंत्र, आणि दोन्ही बाजूंना बाप-लेक, गप्प, नजर भिंतीवर. नवऱ्याला पहिल्या दिवशी वाटलं की पुन्हा भांडण झालं. मग खरं काय ते कळल्यावर त्यानेही खुर्ची ओढली. "मला जमतंय का हे कसं कळणार?" त्याने विचारलं. थोरले म्हणाले, "तू नुसता गप्प बस, तेवढंही पुष्कळ झालं."

ओढणं जमलं, ओढून वाजवणं जमेना. फुंकताना पोट खाली रेटायची सवय अशी सहजासहजी जाते होय? पहिले दोन आठवडे दोघांचे ट्युबा आजारी म्हशीसारखे वाजायचे. शेजारच्या क्वार्टरमधून निरोप आला, काही मदत हवी का. थोरले वैतागून म्हणायचे, "तीस वर्षं जी गोष्ट बरोबर होती ती आता चूक कशी झाली?" आणि पुन्हा श्वास भरायचे. फिजिओबाईंनी दोघांना शिकवलं: आधी झोळी हलकेच उचला, मग फुंकायला लागा, बरगड्या रुंद ठेवा, आणि स्वर संपला की झोळी पूर्ण सैल सोडा. चौथ्या आठवड्यात धाकटीला कंट्रोल रूममध्ये लागोपाठ तीन शिंका आल्या. तिने प्रत्येकीच्या आधी ओढलं. तिसऱ्या शिंकेनंतर ती दोन मिनिटं जागेवर बसून राहिली, खात्री करून घेतली, आणि मग घरी फोन केला.

"बाबा, तीन शिंका."

"आणि?"

"काही नाही."

"शाब्बास," थोरले म्हणाले. त्यांचं स्वतःचं हळूहळू चाललं होतं. दिवसाला चार पॅड लागायची ती तीन झाली, मग दोन, मग एक. ते एक मात्र हटेना. थोरले ते कुणाला न लपवता कपाटाच्या वरच्या खणात ठेवायला लागले, आणि ही गोष्ट धाकटीला पॅड कमी होण्यापेक्षाही मोठी वाटली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून केंद्राच्या अंगणात खुर्च्या भरायला लागल्या. बंब धुऊन-पुसून रांगेत उभे होते. वर्दी पांढरी. धाकटीची वर्दी शिंप्यानं बाजूंनी सोडून दोनदा रुंद केली होती, तरी ट्युबा पोटावर टेकवायचा की पोट ट्युबावर, हा प्रश्न उरलाच होता. थोरले शेजारी बसले. त्यांनी पांढरी पॅन्ट घातली होती, इस्त्रीची घडी सरळ गुडघ्यापर्यंत. धून सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून त्यांनी ट्युबा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.

"घाबरलात?" धाकटीने विचारलं.

"हो," थोरले म्हणाले.

"मीही."

धून सुरू झाली. ट्रम्पेटनं आपल्या टाळ्या घेतल्या, क्लॅरिनेटवाले नाचून झाले. मग मास्तरांनी मागे, कोपऱ्याकडे हात केला आणि धाकटी वाजवायला लागली. दोन मिनिटांची चाल तिने एकटीनं वाजवली. पुढच्या रांगेतली माणसं मान उंचावून शोधायला लागली की हा आवाज नक्की येतोय कुठून. ड्रमच्या आड तिच्या नवऱ्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या होत्या आणि तो उघड उघड डोळे पुसत होता.

चाल उतरत उतरत तळाशी आली. सगळा बँड थांबला. धाकटीने झोळी उचलली आणि खर्ज लावला.

एक, दोन, तीन, चार. पाचव्या मात्रेला थोरले तिच्या आवाजाखालून असे हळूच शिरले की तिलाही क्षणभर कळलं नाही. सातव्या मात्रेला तिने सोडलं, श्वास घेतला. स्वर चालूच होता. दहाव्याला ती परत आली, थोरल्यांनी श्वास घेतला, तेराव्याला तेही परतले. समोर बसलेल्यांना एकच स्वर ऐकू येत होता, कुठे जोड नाही, कुठे खाच नाही. चौदा, पंधरा, सोळा. मास्तरांनी मूठ मिटली. धाकटी थांबली.

थोरले थांबले नाहीत.

मास्तरांनी पुन्हा मूठ मिटली. थोरल्यांचे डोळे बंद होते. सतरा, अठरा. चेहरा लाल झाला होता, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि स्वर हलत नव्हता. सहा वर्षं या माणसानं हा स्वर गिळून ठेवला होता, तो काय मास्तरांच्या मुठीला ऐकणार? मास्तरांनी हात तसाच हवेत धरून ठेवला. धाकटीने श्वास भरला आणि ती त्यांच्याबरोबर गेली. एकोणीस, वीस, एकवीस. चोविसाव्या मात्रेला दोघांचा स्वर आपोआप, एकदमच संपला.

मास्तरांनी हात खाली घेतला. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या कोपऱ्याकडे बघून वाजत होत्या. मास्तरांनी दोघांना उभं राहायची खूण केली. थोरल्यांनी खुर्चीला हात टेकला, पण उठले नाहीत. मान खाली घालून त्यांनी एकदा मन लावून अंदाज घेतला. मग लेकीच्या कानाशी वाकले.

"कोरडा ठणठणीत," ते म्हणाले.

"मीही, बाबा," धाकटी म्हणाली. "उठा."